डीयूआय प्रोबेशन चालू आहे, लग्नात एक बीअर घेऊन गाडी चालवली तर चालेल का?

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव काढून, जरा छोटं करून देते.

"ताई नमस्कार. दीड वर्षापूर्वी मित्राकडून घरी येताना मला डीयूआय झाला, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस. रक्तात अल्कोहोल ०.११ आलं होतं. कोर्टात प्ली केलं म्हणजे गुन्हा मान्य केला, तीन वर्षांचं इन्फॉर्मल प्रोबेशन (जेलऐवजी अटींवर बाहेर राहायची मुदत) मिळालं, दंड भरला, तीन महिन्यांचा क्लास केला, लायसन्सही परत आलं. बायको सोडून कुणालाच माहीत नाही, आईबाबांनाही नाही. आता पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे सॅक्रामेंटोला. मित्र म्हणतो लिमिट ०.०८ आहे, एक बीअर घेऊन दोन तास थांबलं की काही होत नाही. नाहीतर माझा दुसरा प्लॅन असा की संगीतच्या रात्री हॉटेलवरच राहायचं, रात्री दहानंतर तीनचार लार्ज घ्यायचे आणि गाडी थेट सकाळी काढायची, कारण सकाळी सातला दोन आजी आहेत त्यांना हॉलवर न्यायचं काम माझ्याकडे आहे. अजून एक, आई नाशिकहून आलीय, ती मला रोज जेवणानंतर द्राक्षासव देते, त्याचं काही होतं का? आणि डिसेंबरमध्ये भारतात जायचंय. एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा आहे. नक्की किती चालतं ते सांगा."

पहिलं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. तुझ्यासाठी लिमिट ०.०८ नाहीये. ०.०१ आहे. म्हणजे गाडी चालवायची असेल तर एक बीअरपण नाही, आणि तो सकाळचा प्लॅन तर मला एक बीअरपेक्षा जास्त धोक्याचा वाटतोय, त्याच्यावर येते नंतर.

तुझा मित्र खोटं बोलत नाहीये. त्याच्यापुरतं तो बरोबर आहे, कॅलिफोर्नियात एकवीसच्या वरच्या साध्या ड्रायव्हरला ०.०८ हाच आकडा लागू होतो (तरी त्याच्या आतसुद्धा गाडी नीट चालवत नसशील तर डीयूआय लागू शकतो, हे लोक विसरतात). पण ज्याला डीयूआयची शिक्षा होऊन प्रोबेशन चालू आहे त्याच्यासाठी १ जानेवारी २००९ पासून वेगळा नियम आहे, रक्तात ०.०१ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवायचीच नाही. एकवीसच्या खालच्या पोरांना जो आकडा तोच तुला. ०.०८ म्हणजे शंभर मिली रक्तात ८० मिलिग्रॅम, आणि तुझे १०. आपल्याकडे भारतात सगळ्यांनाच ३० आहे, म्हणजे तू आत्ता भारतातल्या ड्रायव्हरपेक्षाही कडक नियमात आहेस. आता ३५५ मिलीची पाच टक्क्यांची एक साधी बीअर घे. सत्तर किलोच्या माणसाला ती साधारण ०.०२ ते ०.०३ पर्यंत नेते. शरीर तासाला अंदाजे ०.०१५ जाळतं. मग दोन तास थांबून तू ०.०१ च्या खाली येशीलही कदाचित, किंवा नाही येणार, रिकाम्या पोटी घेतलीस, क्राफ्ट बीअर आठ टक्क्यांची निघाली, ग्लास मोठा होता, कशानेही गणित चुकतं. आणि गणित बरोबर आलं तरीही तू सुटत नाहीस, ते का ते सांगते.

तुझ्यावर एकाच वेळी तीन वेगवेगळे नियम चालू आहेत आणि लोक त्यांचा गोंधळ करतात. एक फौजदारी गुन्हा, तो ०.०८ चा, तो सगळ्यांना. दुसरा डीएमव्हीचा, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याचा, तो ०.०१ चा, त्यात नवीन केस होत नाही पण लायसन्स एक वर्षासाठी जातं. आणि तिसरा तुझ्या कोर्टाचा, तो आकड्यातच नाहीये. तुझ्याकडे प्ली केली त्या दिवशीचे कागद असतील, प्रोबेशनच्या अटी, बहुतेक चौकोनात टिक केलेल्या. ते काढ आज. त्यात एक ओळ असणार की रक्तात मोजता येईल इतकं कुठलंही अल्कोहोल असताना गाडी चालवणार नाही. ही अट न्यायाधीशाच्या मर्जीवर नाहीये, डीयूआयचं प्रोबेशन दिलं की कायद्यानेच ती घालावी लागते. मोजता येईल इतकं म्हणजे काय, तर मशीनवर शून्याच्या वर काहीही आलं की वकिलाला तिथून भांडायला सुरुवात करावी लागते. त्याच कागदावर अजून एक असेल, डीयूआयच्या संशयावरून अटक झाली तर टेस्ट नाकारणार नाही म्हणून. त्याच्याखाली सही तुझी आहे.

आणि ते "इन्फॉर्मल" शब्दाने फसू नकोस. तुला दर महिन्याला कुणा ऑफिसरकडे जाऊन हजेरी लावायची नाही एवढाच त्याचा अर्थ. अटी तितक्याच पक्क्या आहेत. अजून एक गैरसमज फिरतो की २०२१ पासून कॅलिफोर्नियात छोट्या गुन्ह्यांचं प्रोबेशन एक वर्षाचंच झालंय, म्हणजे तुझं दीड वर्ष झालं तर संपलंच. तो बदल खरा आहे पण ज्या गुन्ह्यांच्या कायद्यात प्रोबेशनची मुदत आधीच लिहिलीय त्यांना तो लागत नाही, आणि डीयूआयला तीन ते पाच वर्षं लिहिलेली आहेत. तुझं अजून दीड वर्ष बाकी आहे, तारीख कागदावर बघून घे.

अटी मोडल्याचं प्रकरण कोर्टात गेलं तर तिथे ज्युरी नसते, आणि "निःसंशय सिद्ध करा" हा मापदंडही नसतो, जास्त शक्यता कशाची एवढंच न्यायाधीश बघतो. तो समज देऊन सोडू शकतो, अटी वाढवू शकतो, किंवा पहिल्या केसमधली जी जेल बाजूला ठेवली होती ती लावू शकतो, पहिल्या डीयूआयला ती सहा महिन्यांपर्यंत जाते. आणि आकडा ०.०८ च्या वर गेला तर ती दुसरी डीयूआय, दहा वर्षांच्या आतली, त्यात जेल एक वर्षापर्यंत आणि क्लास तीन महिन्यांच्या ऐवजी अठरा महिन्यांचा. तुला घाबरवायला नाही लिहीत. तू पत्रात "दंड भरला, क्लास केला" असं लिहिलंयस ना, ते वाचून वाटलं की तुझ्या मनात हे संपलंय. संपलेलं नाहीये.

आता रस्त्यावरचं. पोलिसाने गाडी थांबवली, काच खाली केली, वास आला, की तो हातातलं छोटं मशीन पुढे करतो, त्यात फुंकायचं. त्याला पीएएस टेस्ट म्हणतात. व्हॉट्सॅपवर सगळीकडे फिरत असतं की ही अटकेच्या आधीची फुंकर तुम्ही नाकारू शकता. एकवीसच्या वरच्या साध्या ड्रायव्हरसाठी ते खरं आहे. तुझ्यासाठी नाही. डीयूआय प्रोबेशनवर गाडी चालवणाऱ्याने त्या टेस्टला आधीच संमती दिलीय असं कायदा धरतो, नाही म्हणालास तर त्याचीच शिक्षा लायसन्सवर येते, आणि आधीचा डीयूआय दहा वर्षांच्या आतला असल्यामुळे ती अजून लांब असते. म्हणजे तुझा मित्र आणि तू एकाच गाडीत, एकच बीअर घेतलेली, तो चालवत असेल तर नाही म्हणू शकतो, तू चालवत असशील तर नाही. हे नीट डोक्यात ठेव, कारण त्या क्षणी माणूस कुठेतरी ऐकलेलं तेच आठवून बोलतो.

सकाळच्या प्लॅनवर येते. तू हॉटेलवर राहायचं ठरवलंस, रात्री गाडी काढायची नाही ठरवलंस, हे चांगलंच आहे, मनापासून सांगते. पण हिशोब बघ. आपल्याकडचा लार्ज म्हणजे ६० मिली, आणि इथे ज्याला एक ड्रिंक म्हणतात ते ४५ मिली, चाळीस टक्क्यांचं. म्हणजे तुझे चार लार्ज म्हणजे इथल्या हिशोबाने पाचच्या वर ड्रिंक्स झाले, आणि लग्नात भरणारा काही माप लावून भरत नाही, मावशीचे दीर ओततील तर साठचं ऐंशी होतं. मापाचेच धरूया. सत्तर किलोचा माणूस, रात्री दहाला सुरुवात, दीडला शेवटचा ग्लास. सगळं मिळून ०.१५ च्या पुढे जाणारं अल्कोहोल पोटात गेलं, तासाला ०.०१५ ने उतरत सकाळी सातला तू अजून ०.०२ च्या आसपास आहेस. झोप झालीय, आंघोळ झालीय, कुर्ता घातलाय, चहा झालाय, डोकंही ठीक वाटतंय. उतरलीय असंच वाटणार. आणि तू तुझ्या लिमिटच्या दुप्पट आहेस, मागच्या सीटवर दोन आजी बसलेल्या. चहा, कॉफी, ताक, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ते लवकर जळत नाही, फक्त वेळेने जळतं. आणि हे आकडे मी अंदाजाचे दिलेत, वजन, वय, जेवण, लिव्हर सगळ्यावर बदलतात, म्हणून याच्यावरून "मग तीन घेतो, साताऐवजी नऊला निघतो" असा हिशोब करत बसू नकोस. माझं म्हणणं एवढंच की ज्या रात्रीनंतर सकाळी गाडी तुझ्या हातात आहे त्या रात्री घ्यायचीच नाही. नाहीतर त्या दोन आजींना न्यायचं काम आत्ताच, पुढच्या आठवड्यात नाही, आत्ता दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. दोन्हीतलं एक निवड.

काही जणांच्या गाडीत ते फुंकून चालू करायचं मशीन असतं, तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही पण बाकीच्यांसाठी सांगते, मशीनने गाडी चालू होऊ दिली म्हणजे प्रोबेशनची अट पाळली असं होत नाही. आणि राज्याबाहेर टाहो-वेगासला गेलं म्हणजे कॅलिफोर्नियाची अट मागे राहिली असंही होत नाही, ती तुझ्याबरोबर येते. युटामध्ये तर साध्या ड्रायव्हरलाच ०.०५ आहे, २०१८ च्या डिसेंबरपासून.

द्राक्षासव. तुझ्या पत्रातला हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं कारण इतकं बारीक कुणी विचारत नाही आणि इथल्या वकिलाला हे सुचणारही नाही. आईच्या बाटलीचं लेबल बघ, आसव-अरिष्ट जे काही असतं, द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट, त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे, पाच ते दहा टक्के वगैरे. ते आंबवूनच बनतं, बाहेरून कुणी घालत नाही, पण असतं. दहा टक्क्यांच्या आसवाचे चार चमचे म्हणजे वीस मिली घेतले तर त्यात दीड ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल झालं, सत्तर किलोच्या माणसाला ते एकटं ०.०१ पर्यंत नेत नाही, त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण तुझ्या कोर्टाच्या अटीत ०.०१ नाहीये, मोजता येईल इतकं असं आहे. शिवाय घेतल्या घेतल्या तोंडात जे राहतं ते श्वासाच्या मशीनला जास्त दिसतं, म्हणून इथे मुख्य टेस्टच्या आधी पंधरा मिनिटं माणसावर लक्ष ठेवतात, काही खाल्लं-प्यायलं-ओकला नाही ना म्हणून. रात्री जेवून आसव घेऊन झोपलास तर सकाळपर्यंत काही उरत नाही. पण जेवलास, घेतलंस आणि लगेच बायकोला आणायला निघालास, हे दीड वर्ष तरी नको. सोपं म्हणजे आईला सांग चूर्ण दे, आसव नको. तिला कारण सांगावं लागेल असं नाही, पोटात जळजळ होते म्हणालास तरी चालेल, पण त्याच्यावर मी खाली अजून बोलणार आहे.

तसंच सर्दी-खोकल्याच्या नायक्विल सिरपमध्ये दहा टक्के अल्कोहोल असतं, गोळ्या घे त्याच्याऐवजी. लिस्टरिनच्या त्या जुन्या पिवळसर बाटलीत सव्वीस टक्क्यांच्या वर असतं, बिनअल्कोहोलचं मिळतं ते आण. कोंबुचा आणि नॉन-अल्कोहोलिक बीअर यातही थोडं असतं, अर्धा टक्का वगैरे. लग्नात कुणी तिरामिसू नाहीतर रमवाला केक पुढे केला तर गाडी तुझ्याकडे असताना सोड तो.

डिसेंबरची भारतवारी. हे मला बीअरपेक्षा मोठं वाटतंय आणि तू ते पत्राच्या शेवटी एका ओळीत टाकलंयस. २०१५ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकन कॉन्सुलेट मागच्या पाच वर्षांतल्या डीयूआय अटकेवरून व्हिसा रद्द करू शकतं, त्यासाठी शिक्षाही व्हावी लागत नाही, नुसती अटक पुरते. आपल्या कितीतरी एच-वन वाल्यांना अशी ईमेल आलेली आहे. इथे बसलेला असताना त्याने तुझं इथलं स्टेटस जात नाही, नोकरी चालू राहते, पण एकदा बाहेर गेलास की परत येताना नवीन स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवीन व्हिसा लागतो आणि त्यात कॉन्सुलेटच्या ठरलेल्या डॉक्टरकडे मेडिकल, दारूच्या सवयीबद्दल प्रश्न, थांबणं, सगळं येतं. म्हणून तिकिटं काढायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल, कोर्टाचे प्रमाणित कागद आणि क्लास पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेव. जुनी ईमेल, स्पॅम फोल्डर सगळं शोध, तशी नोटीस येऊन पडलीय का ते बघ. आणि कॅनडामार्गे जाणारी तिकिटं घेऊ नकोस विचारल्याशिवाय, २०१८ च्या डिसेंबरपासून तिकडे डीयूआय गंभीर गुन्ह्यात धरतात.

एक साधा डीयूआय म्हणून कुणाला लगेच परत पाठवत नाहीत, तेवढी धास्ती घेऊ नकोस. पण दुसरा झाला तर चित्र बदलतं. पुढे कधी सिटिझनशिपला अर्ज केलास तर प्रोबेशन चालू असेपर्यंत तो मंजूरच होत नाही, आणि ज्या काळातलं चारित्र्य बघतात त्या काळात दोन डीयूआय असतील तर २०१९ च्या एका निकालापासून चारित्र्य चांगलं नाही असंच धरून चालतात, उलट सिद्ध करणं तुझ्यावर. प्रोबेशन संपल्यावर कोर्टात अर्ज करून केस डिसमिस करून घेता येते, जरूर कर, नोकरीच्या कामाला येते. पण इमिग्रेशनला ती पुसलेली दिसत नाही आणि पुढच्या दहा वर्षांत परत पकडला गेलास तर ती पहिली म्हणून मोजतातच.

आता मूळ अडचण मला काय दिसतेय ते सांगते, राग येऊ दे हवं तर. तुला आकडा पाहिजे असं तू म्हणतोयस, पण खरं म्हणजे तुला लग्नात नाही म्हणायला कारण नाहीये. कुणाला माहीतच नसल्यामुळे तुझ्याकडे "घे रे, लग्न आहे भावाचं" याला उत्तर नाही. आपल्याकडचा आग्रह मला माहितीये, ग्लास हातात नसला की दर दहा मिनिटांनी नवीन माणूस विचारतो आणि प्रत्येकाला वाटतं हा आपल्यावर नाराज आहे. म्हणून माझं ऐक, एका माणसाला सांग. नवरदेव असलेला तो मावसभाऊच असेल तर उत्तम, त्याच्या लग्नात तुझं काही होऊ नये असं सगळ्यात जास्त त्यालाच वाटणार. एकाला माहीत असलं की तो तुझ्या बाजूने उभा राहतो, "त्याला नको देऊ, त्याच्याकडे गाडी आहे" हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की विषय मिटतो. हातात सोडा-लिंबू ठेव भरलेला ग्लास, रिकामा हात ठेवू नकोस. बाकीच्यांना "औषध चालू आहे" सांगितलंस तरी मला त्यात काही वाईट वाटत नाही.

आईबाबांना सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण डिसेंबरमध्ये व्हिसा अडकला आणि तू सहा आठवडे नाशिकला बसून राहिलास तर त्या वेळी सांगावंच लागेल, तेव्हा ते तुझ्या तोंडून आधी कळणं बरं. आई रागावेल, रडेल कदाचित. पण ती रोज रात्री चार चमचे घेऊन तुझ्यामागे फिरतेय, तिला तुझी काळजीच आहे ना.

आणि एक विचारते, उत्तर मला पाठवायची गरज नाही. लग्न महिन्यावर आहे आणि तुझ्या पत्रातला प्रत्येक प्रश्न "कसं घेता येईल" असा आहे, फक्त आसवाचा आणि भारतवारीचा सोडून. दीड वर्षात गाडी नसतानाही किती वेळा घेतलीस, ठरवल्यापेक्षा जास्त झाली का, बायको काय म्हणते, हे एकदा तिच्यासमोर बसून बोल. प्रोबेशन म्हणजे पिण्यावर बंदी असेलच असं नाही, काही जणांच्या कागदावर तीही अट असते, तुझ्या कागदावर आहे का बघ. नसेल आणि तू घरी बसून कधीतरी घेत असशील तर तो तुझा प्रश्न. पण एक रात्र न घेता घालवायची या विचाराने जर पोटात गोळा येत असेल तर डॉक्टरशी बोल, इथे एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट) च्या मीटिंग्ज जवळपास सगळीकडे आहेत, आणि मराठीतून बोलायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ पासून हेच काम करतायत.

लग्नापुरतं सांगायचं तर दोन दिवस गाडीची किल्ली बायकोकडे, ती चालवत नसेल तर उबर, आजींचं काम मावसभावाच्या मित्राकडे. आणि समजा हे सगळं करूनही कधी थांबवलं आणि मशीनवर काही आलं, तर पोलिस जो कागद हातात देतो तो फेकू नकोस, तोच लायसन्स जाण्याचा आदेश असतो आणि तोच साधारण तीस दिवसांचं तात्पुरतं लायसन्सपण. डीएमव्हीकडे सुनावणी मागायला त्या दिवसापासून फक्त दहा दिवस मिळतात, कोर्टाची तारीख त्याच्या किती नंतरची का असेना. लोक कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसतात आणि ही मुदत निघून जाते. पहिल्या वेळच्या वकिलाचा नंबर फोनमध्ये ठेव, आणि त्याला आत्ताच एक ईमेल टाकून तुझ्या अटींचा कागद परत मागून घे, तुझ्याकडचा सापडत नसेल तर.